वितळणारी जमीन आणि जगाचा हिशेब

याकुत्स्क हे पूर्व सायबेरियातलं शहर. तिथल्या रशियन-अमेरिकन कंपनीचा कारभारी फ्योदोर शेर्गिन याने १८२८ साली पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. उन्हाळ्यात वरची थोडी माती मऊ व्हायची; तिच्याखाली जिथे पहार मारावी तिथे गोठून दगड झालेली जमीन. शेर्गिनने नाद सोडला नाही. १८३७ पर्यंत विहीर ११६ मीटर खोल गेली, तरी पाणी लागलं नाही आणि गोठलेली जमीनही संपली नाही. पुढे १८४०च्या दशकात अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर जमिनीचं तापमान मोजलं. कायम गोठलेल्या जमिनीच्या पद्धतशीर अभ्यासाला तिथून चालना मिळाली.

त्या वेळी कुतूहल होतं ते ही जमीन किती खोलवर गोठली आहे याचं. आज काळजी आहे ती ही जमीन किती वेगाने वितळते आहे याची. वितळताना ती किती मिथेन आणि किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते? ते थांबवणं माणसाच्या हातात आहे का? गेल्या वीस वर्षांत या प्रश्नांवर भरपूर संशोधन झालं आणि टोकाची विधानंही तितकीच झाली. एकीकडे ‘मिथेनचा बॉम्ब फुटणार, आता काही उरलं नाही’ हा सूर. दुसरीकडे ‘हे सगळं उत्तर ध्रुवाकडचं, आपला काय संबंध’ ही बेफिकिरी. हाती आलेला पुरावा या दोन्हींना आधार देत नाही. तो नेमकं काय सांगतो आणि त्यातून आपल्यावर कोणती जबाबदारी येते, हे मांडण्यासाठी हा आढावा.

जमिनीत काय साठलं आहे

सलग दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ जिचं तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या वर गेलं नाही, त्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उत्तर गोलार्धातल्या उघड्या जमिनीपैकी सुमारे १५ टक्के जमीन अशी आहे. सायबेरिया, अलास्का आणि उत्तर कॅनडा ही तिची मोठी क्षेत्रं. शिवाय स्कॅन्डिनेव्हियाचा उत्तर भाग, तिबेटचं पठार आणि हिमालयाचे उंच उतार. काही ठिकाणी तिची जाडी जेमतेम काही मीटर असते, तर याकुतियाच्या काही भागांत ती जवळजवळ १,५०० मीटरपर्यंत जाते. तिच्या वरचा पातळ थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. तिथलं गवत, शेवाळ, झुडपं आणि झाडं या थरावरच जगतात.

आर्क्टिकमधला उन्हाळा छोटा. वनस्पती वाढतात, मरतात, आणि पूर्ण कुजण्याआधीच थंडी येते. वर्षानुवर्षं माती साचत जाते, खालचा थर कायमचा गोठतो आणि त्यातली मुळं, पानं, हाडं तशीच राहतात. गेल्या हिमयुगात सायबेरिया आणि अलास्काच्या मोठ्या भागावर गवताळ मैदानं होती. मॅमथ, रानघोडे आणि बायसन तिथे चरायचे. वाऱ्याने आणि पाण्याने आणलेली बारीक माती या मैदानांवर साचत गेली. तिच्या आत बर्फाच्या जाडजूड पाचरी तयार झाल्या. या जमिनीला येडोमा म्हणतात. तिच्यात आकारमानाच्या निम्म्याहून अधिक भाग बर्फाचाच असू शकतो, त्यामुळे ती वितळली की नुसती मऊ होत नाही, खचते.

अशा हजारो वर्षांच्या साठ्यातून उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशात सुमारे १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन जमा झाला आहे. आज पृथ्वीच्या हवेत जेवढा कार्बन आहे त्याच्या हा दीडपटीहून अधिक. हा सगळा साठा उद्या बाहेर पडणार नाही, हे आधीच सांगायला हवं. पण त्याचा छोटा हिस्सा जरी सुटला, तरी त्याचे आकडे देशांच्या उत्सर्जनाच्या तोडीचे असतात.

मिथेन की कार्बन डायऑक्साइड

माती वितळली की तिच्यातले सूक्ष्मजीव कामाला लागतात. जमीन कोरडी असेल आणि आत हवा खेळत असेल, तर कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जमीन पाण्याखाली असेल, तर प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइडबरोबर मिथेनही तयार करतात. म्हणून या प्रश्नात तापमानाइतकंच महत्त्व पाण्याला आहे. वितळलेलं पाणी वाहून जातं की साचून राहतं, यावर कोणता वायू किती निघेल हे ठरतं.

मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. या काळात त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद जबरदस्त असते. वजनास वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट तापमानवाढ घडवतो. उलट, कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो, काही भाग तर हजारो वर्षं हवेत राहतो. प्रयोगशाळेतल्या अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध झालं. त्यात प्राणवायू मिळालेल्या मातीतून पाण्याखालच्या मातीपेक्षा सुमारे ३.४ पट अधिक कार्बन सुटल्याचं दिसलं. मिथेनची ताकद धरूनही कोरड्या जमिनीचा धोका कमी नाही, असा त्याचा अर्थ. पर्माफ्रॉस्ट म्हटलं की सगळं लक्ष मिथेनकडे जातं. एकूण कार्बनमध्ये मात्र मोठा वाटा कार्बन डायऑक्साइडचाच राहील, असं बहुतेक अंदाज सांगतात.

मिथेन तयार झाला म्हणजे तो सगळा हवेत पोहोचतो असंही नाही. मातीच्या वरच्या, प्राणवायू असलेल्या थरात मिथेन खाऊन जगणारे जिवाणू असतात. ते वाटेतच त्यातला बराच मिथेन संपवतात. पण मिथेन बुडबुड्यांनी वर आला, किंवा पाणथळीतल्या गवताच्या पोकळ दांड्यांतून निघाला, तर या जिवाणूंना टाळून तो थेट हवेत जातो. स्वीडनच्या उत्तरेला अबिस्कोजवळ स्टोर्डालेन नावाची दलदल आहे. तिथे गोठलेल्या जमिनीचे उंचवटे खचून त्यांच्या जागी पाणथळ गवताळ पट्टे तयार झाले, आणि जसजशी जमीन ओली होत गेली तसतसा मिथेन वाढत गेला. एकाच दलदलीत काही पावलांच्या अंतरावर मोजलेले आकडे वेगळे येतात. सबंध आर्क्टिकचा आकडा ठरवणं कठीण का जातं, ते यावरून कळतं.

हळू वितळणं आणि एकाएकी खचणं

वितळण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचा हिशेब वेगळा लागतो. पहिला हळूहळू वितळण्याचा: वरचा थर दर दशकाला काही सेंटिमीटरने खोल जातो. हा प्रकार विस्तीर्ण भागात चालतो आणि गणिती प्रारूपांत बसवायलाही तुलनेने सोपा असतो.

दुसरा प्रकार एकाएकी खचण्याचा. येडोमासारख्या बर्फाळ जमिनीत बर्फाची पाचर वितळली की वरची माती खाली बसते, खड्ड्यात पाणी भरतं, ते पाणी आणखी उष्णता खाली पोहोचवतं आणि काही दशकांत तळं तयार होतं. तळ्याच्या तळाशी पाणी हिवाळ्यातही गोठत नाही, त्यामुळे खालची माती बारा महिने वितळत राहते. अशा तळ्यांना थर्मोकार्स्ट तळी म्हणतात. अलास्का विद्यापीठाच्या केटी वॉल्टर अँथनी यांनी सायबेरिया आणि अलास्कातल्या या तळ्यांवर अनेक वर्षं काम केलं. हिवाळ्यात तळं गोठतं तेव्हा वर येणारे मिथेनचे बुडबुडे बर्फात अडकतात. ते मोजून आणि त्यांची जागा नोंदवून त्यांनी तळ्यांच्या उत्सर्जनाचा हिशेब मांडला. त्यांच्या गटाने २००६ साली दाखवलं की सायबेरियातल्या अशा तळ्यांतून निघणारा मिथेन आधीच्या अंदाजांच्या सुमारे पाचपट आहे.

उतारावरची जमीन खचली की दरडीसारखं भगदाड पडतं. याकुतियातल्या बातागाय गावाजवळचं बातागायका हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. १९६०च्या दशकात तिथलं जंगल तोडलं गेलं, सावली गेली, जमीन तापली आणि खचायला लागली. आज ते भगदाड सुमारे एक किलोमीटर लांब आहे आणि दर वर्षी त्याची कड मागे सरकते आहे. २०१४ साली यमाल द्वीपकल्पावर सापडलेल्या, मिथेनच्या दाबाने उडालेल्या खोल खड्ड्याचं चित्र जगभर पाहिलं गेलं. असे खड्डे अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे असले, तरी त्यांतून बाहेर पडणारा वायू एकूण हिशेबात नगण्य आहे. खरा प्रश्न तळ्यांचा, दलदलींचा आणि खचणाऱ्या उतारांचा आहे.

मेरिट ट्युरेत्स्की आणि सहकाऱ्यांचं विश्लेषण २०२० साली आलं. एकाएकी खचणारी जमीन एकूण पर्माफ्रॉस्ट प्रदेशाच्या २० टक्क्यांहून कमी भरेल, पण तिचा परिणाम साठ्यातल्या जवळजवळ निम्म्या कार्बनपर्यंत पोहोचू शकतो, असं त्यात दिसलं. हवामानावरचा तिचा परिणामही हळूहळू वितळण्याच्या बरोबरीने असू शकतो. जगातल्या बहुतेक हवामान प्रारूपांत ही प्रक्रिया अजून नाही. आंतरसरकारी हवामान मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालासाठी कार्बनचक्राची तुलना करताना ११ प्रारूपं वापरली गेली; त्यांतल्या फक्त दोनांत पर्माफ्रॉस्टमधला कार्बन धरलेला होता. म्हणून सरकारं ज्या आकड्यांवर धोरणं ठरवतात ते आकडे कमी बाजूला झुकलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

बॉम्बची गोष्ट आणि पुरावा

मिथेन बॉम्बची कल्पना मुख्यतः समुद्राखालच्या पर्माफ्रॉस्टमधून आली. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, तेव्हा पूर्व सायबेरियाच्या किनाऱ्यालगतचा उथळ सागरतळ कोरडी, गोठलेली जमीन होता. नंतर तो पाण्याखाली गेला. २०१० साली नतालिया शाखोवा आणि इगोर सेमिलेतोव यांनी या समुद्रातून मोठ्या प्रमाणात मिथेन निघत असल्याचं मांडलं. पुढे त्यांचा अंदाज वर्षाला १७० लाख टनांपर्यंत गेला. २०१३ साली ‘नेचर’मधल्या एका लेखात, तिथून ५० अब्ज टन मिथेन सुटला तर जगाचं ६० लाख कोटी डॉलरचं नुकसान होईल, असा हिशेब दिला गेला. वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि ‘बॉम्ब’ हा शब्द रुळला.

त्यानंतरचा पुरावा मात्र दुसरीकडे बोट दाखवतो. जहाजावरून थेट हवेतल्या मिथेनची मोजमापं करणाऱ्या एका गटाने २०१६ साली याच समुद्राचं उत्सर्जन वर्षाला सुमारे २९ लाख टन काढलं. दुसरा पुरावा फार जुना आहे. १८,००० ते ८,००० वर्षांपूर्वी हिमयुग संपताना आर्क्टिक जोरात तापला होता. त्या काळची हवा अंटार्क्टिकाच्या प्राचीन बर्फात अडकलेली आहे. २०२० साली तिच्यातल्या मिथेनच्या किरणोत्सारी कार्बनची तपासणी झाली, तेव्हा जुन्या साठ्यांतून आलेला मिथेन फार थोडा निघाला. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालाने समुद्रतळाशी गोठलेल्या मिथेन हायड्रेटबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की, पुढच्या काही शतकांत त्यातून हवामान लक्षणीय तापण्याची शक्यता अत्यंत कमी आहे.

दुसरी एक समजूतही दुरुस्त करायला हवी. हवेतलं मिथेनचं प्रमाण औद्योगिक क्रांतीआधी अब्ज भागांत सुमारे ७२० होतं. आता ते १,९००च्या वर गेलं आहे. २००७ नंतर ते पुन्हा वेगाने वाढलं, विशेषतः २०२० ते २०२२ मध्ये. या वाढीतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून तिचं मूळ बहुतांश सूक्ष्मजीवांत आहे असं दिसतं: उष्ण कटिबंधातल्या पाणथळी, गुरं, भातशेती, कचरा. आर्क्टिकचा वाटा आहे, पण या वाढीचा मुख्य सूत्रधार आर्क्टिक नाही.

मग काळजी कशाची? काळजी आहे ती थांबवता न येणाऱ्या, हळू वाढणाऱ्या गळतीची. सावकाराच्या व्याजासारखी ती आहे: एखाद्या दिवशी घर पाडत नाही, पण दर वर्षी वाढते, आणि मुद्दल जितकं मोठं तितकी ती मोठी. इथे मुद्दल म्हणजे आपण जाळलेला कोळसा, तेल आणि वायू. तापमान स्थिर झालं तरी आधी वितळलेली माती कुजत राहते, आणि ती पुन्हा गोठवण्याचा कुठलाही व्यवहार्य मार्ग माणसाकडे नाही.

आज कुठे आहोत

१९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतो आहे. २० जून २०२० रोजी याकुतियातल्या वेर्खोयान्स्कमध्ये ३८ अंश सेल्सिअसची नोंद झाली. जागतिक हवामान संघटनेने ती आर्क्टिकमधली सर्वोच्च नोंद म्हणून मान्य केली. जगभरच्या बोअरहोलमधल्या मोजमापांनुसार २००७ ते २०१६ या दशकात पर्माफ्रॉस्टचं तापमान सरासरी सुमारे ०.३ अंशाने वाढलं. २०२४ अखेरच्या ‘नोआ’ या अमेरिकी संस्थेच्या आर्क्टिक अहवालाने सांगितलं की वणवे धरले तर आर्क्टिकचा टुंड्रा आता कार्बन शोषण्यापेक्षा सोडतो जास्त. हजारो वर्षं कार्बन साठवणाऱ्या प्रदेशासाठी हे मोठं वळण आहे.

पुढचा अंदाज आयपीसीसी असा देते: जगाच्या तापमानात दर एका अंशाची वाढ झाली की २१०० पर्यंत पर्माफ्रॉस्टमधून कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सुमारे १८ अब्ज टन कार्बन सुटेल. या अंदाजाची खालची मर्यादा ३.१ आणि वरची ४१ आहे. मिथेनचा परिणाम त्याच मापात मोजला तर आणखी सुमारे २.८ अब्ज टन. दोन्ही मिळून दर अंशामागे सुमारे ७६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकं ओझं होतं, म्हणजे जगाच्या सध्याच्या जवळजवळ दोन वर्षांच्या उत्सर्जनाएवढं. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर जगाकडे उरलेली उत्सर्जनाची मुभा आता थोड्या वर्षांचीच आहे. त्यातली दोन-तीन वर्षं जमीनच खाऊन टाकणार असेल, तर ती हिशेबात आधीच वजा करायला हवी. बहुतेक देशांच्या शून्य-उत्सर्जनाच्या आराखड्यांत ही वजाबाकी दिसत नाही.

२०२४ साली यान नित्सबॉन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. सगळं पर्माफ्रॉस्ट एकदम कोसळेल असा एकच जागतिक उंबरठा पुराव्यात दिसत नाही. जागोजागी छोटे छोटे उंबरठे आहेत आणि ते तापमानाबरोबर एकेक करून ओलांडले जातात. हे ऐकून हायसं वाटू नये. अमुक अंशापर्यंत आपण सुरक्षित आहोत अशी रेघच नाही, असा त्याचा अर्थ. आणि त्याची दुसरी बाजू आशेची आहे: तापमानवाढ अंशाच्या एक दशांशाने जरी रोखली, तरी तेवढी जमीन गोठलेली राहते. आयपीसीसीच्या २०१८च्या अहवालानुसार तापमानवाढ २ ऐवजी १.५ अंशांवर थांबवली, तर पुढच्या शतकांत १५ ते २५ लाख चौरस किलोमीटर पर्माफ्रॉस्ट वाचेल. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख चौरस किलोमीटर आहे. अर्ध्या अंशाने पाच ते आठ महाराष्ट्रांएवढी जमीन वाचते.

त्या जमिनीवरची माणसं

याकुतियात साखा लोक राहतात. हजारो वर्षांपूर्वी खचून तयार झालेल्या, गवताने भरलेल्या सखल जागांना ते आलास म्हणतात. घोडे आणि गुरं तिथेच चरतात, हिवाळ्यासाठीचं गवतही तिथेच कापलं जातं. आता नव्याने खचणाऱ्या जमिनीत कुरणं बुडताहेत, शेतं उंचसखल होताहेत, घरं कलताहेत. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या न्यूटोक गावातल्या युपिक लोकांना पायाखालची जमीन वितळल्यामुळे आणि नदीने काठ खाल्ल्यामुळे गाव सोडावं लागलं. मेर्टार्विक या नव्या जागी पहिली कुटुंबं २०१९ मध्ये गेली आणि उरलेली २०२४ मध्ये. या स्थलांतरासाठी त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला होता.

कारखान्यांचा धोका वेगळा. २९ मे २०२० रोजी सायबेरियातल्या नोरिल्स्कमध्ये डिझेलची टाकी खचून सुमारे २१,००० टन डिझेल सांडलं आणि नद्यांत गेलं. कंपनीने वितळत्या जमिनीकडे बोट दाखवलं. रशियाच्या तपास यंत्रणेने बांधकाम आणि देखरेखीतल्या त्रुटी नोंदवल्या. दोन्हींतून धडा एकच मिळतो: जमीन बदलते आहे हे माहीत असताना जुन्या गृहीतकांवर उभ्या असलेल्या बांधकामाची तपासणी न करणं हा धोका आहे. एका अंदाजानुसार २०५० पर्यंत आर्क्टिक पर्माफ्रॉस्ट भागातल्या सुमारे ७० टक्के बांधकामांखालची जमीन वरच्या थरात वितळण्याच्या पट्ट्यात असेल.

उपाय: जमिनीवरचे

सगळ्यात जुना आणि सिद्ध झालेला उपाय अभियांत्रिकीचा आहे. १९७७ साली सुरू झालेली, सुमारे १,३०० किलोमीटरची अलास्काची तेलवाहिनी निम्म्याहून अधिक अंतर खांबांवरून जाते. त्या खांबांत अमोनिया भरलेल्या, थर्मोसायफन नावाच्या सव्वा लाखाच्या आसपास बंद नळ्या आहेत. हिवाळ्यात त्या विजेशिवाय जमिनीतली उष्णता बाहेर काढतात. २००६ साली सुरू झालेल्या चीनच्या छिंगहाय-तिबेट रेल्वेचा साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा मार्ग पर्माफ्रॉस्टवरून जातो. तिथेही अशा नळ्या, हवा खेळती राहणारे दगडांचे भराव आणि पूल वापरले. हे उपाय रस्ता, विमानतळ, इस्पितळ वाचवतात. जवळजवळ दीड कोटी चौरस किलोमीटर जमिनीला ते लावता येत नाहीत, आणि तसा दावाही कोणी करत नाही.

दुसरा मार्ग प्राण्यांचा. सर्गेई झिमोव आणि त्यांचे चिरंजीव निकिता झिमोव यांनी सायबेरियातल्या चेर्स्की गावाजवळ ‘प्लाइस्टोसीन पार्क’ उभं केलं. घोडे, बायसन, याक यांनी बर्फ तुडवला की त्याची उबदार चादर पातळ होते, थंडी जमिनीत खोल शिरते आणि जमीन अधिक गोठते, ही त्यामागची कल्पना. २०२० सालच्या एका प्रारूप-अभ्यासात प्रखर तापमानवाढीच्या स्थितीत प्राण्यांमुळे सुमारे ८० टक्के पर्माफ्रॉस्ट टिकल्याचं दिसलं. प्राण्यांविना निम्मंच टिकलं. कल्पना ऐकण्यासारखी आहे, प्रयोग चालू राहावा. पण संपूर्ण आर्क्टिकसाठी कोट्यवधी जनावरं लागतील, आणि ती वाढायला लागणारा वेळ आपल्याकडे नाही.

तिसरा मार्ग वणवे विझवण्याचा, आणि याकडे फार कमी लक्ष गेलं आहे. टुंड्रा आणि उत्तरेकडच्या जंगलांत शेवाळाचा आणि पालापाचोळ्याचा जाड थर जमिनीला ऊन लागू देत नाही. वणव्यात तो जळाला की खालचं पर्माफ्रॉस्ट पुढची कित्येक वर्षं वितळत राहतं. २००७ साली अलास्कातल्या अनाक्टुवुक नदीकाठच्या वणव्यात हजार चौरस किलोमीटरहून अधिक टुंड्रा जळाला. २०२२ सालच्या एका अभ्यासानुसार अलास्कातल्या वणव्यांवर अधिक खर्च केला, तर एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवायला सुमारे १३ डॉलर पडतात. हवामानाच्या अनेक उपायांपेक्षा हे स्वस्त आहे. २०२३ पासून अलास्कातल्या युकॉन फ्लॅट्स अभयारण्यातल्या सुमारे १६ लाख एकर येडोमा जमिनीवरचे वणवे विझवण्याचा निर्णय झाला, आणि त्यामागचा हेतू कार्बन वाचवण्याचा होता. पूर्वी माणसं आणि मालमत्ता धोक्यात नसेल तर तिथली आग जळू दिली जायची. हे धोरण कॅनडा आणि रशियानेही गांभीर्याने घ्यायला हवं.

वितळत्या जमिनीतून निघणारा मिथेन पकडून वापरावा, असंही सुचवलं जातं. कोळशाच्या खाणीत तो एका तोंडातून येतो. इथे तो लाखो तळ्यांतून आणि दलदलींतून विखुरलेला, विरळ स्वरूपात येतो. तिथे तोटी बसवता येत नाही.

उपाय: आपल्या हातातले

म्हणून मुख्य उपाय टुंड्राच्या बाहेर आहे. पर्माफ्रॉस्टमधला मिथेन थेट अडवता येत नसला, तरी त्याच्या वितळण्याचा वेग ठरवणारी तापमानवाढ अडवता येते. आणि ती सगळ्यात लवकर मंदावते ती माणसाने निर्माण केलेल्या मिथेनवर हात घातला की. जगातल्या मिथेन उत्सर्जनापैकी सुमारे ६० टक्के माणसाचं आहे: शेती आणि गुरं, तेल-वायू-कोळसा, कचरा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२१च्या आढाव्याप्रमाणे या दशकात हे उत्सर्जन ४५ टक्क्यांपर्यंत कमी करता येतं, आणि त्यामुळे २०४०च्या दशकापर्यंत जवळजवळ ०.३ अंश तापमानवाढ टळते. त्यासाठीची साधनं आज उपलब्ध आहेत: गळक्या वायुवाहिन्या दुरुस्त करणं, तेलविहिरींवरचा वायू न सोडणं, कोळशाच्या खाणीतला मिथेन गोळा करणं, ओला कचरा वेगळा करून त्याचा बायोगॅस करणं.

२०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत जागतिक मिथेन प्रतिज्ञा झाली: २०३० पर्यंत २०२०च्या तुलनेत ३० टक्के कपात. दीडशेहून अधिक देश तीत सामील आहेत. रशिया, चीन आणि भारत नाहीत. भारताचा आक्षेप समजण्यासारखा आहे. आपला बराच मिथेन अल्पभूधारकाच्या गोठ्यातून आणि भाताच्या खाचरातून येतो, आणि त्याच्या पोटावर पाय देऊन कपात करणं अन्यायाचं ठरेल. पण कचऱ्याला हा युक्तिवाद लागू होत नाही. मुंबईच्या कचराभूमीवरून उठणारा मिथेन उपग्रहांनी टिपला आहे. तो कमी केला तर कचऱ्याला लागणारी आग आणि धूर कमी होईल, शेजारच्या वस्त्यांना श्वास घेता येईल, आणि याकुतियातली जमीनही तितकी कमी तापेल.

मोजमाप आणि आपला देश

या प्रश्नाची सगळ्यात मोठी उणीव सध्या मोजमापाची आहे. जगातलं निम्म्याच्या आसपास पर्माफ्रॉस्ट रशियात आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर पाश्चात्य देशांचं तिथल्या संशोधन केंद्रांशी सहकार्य जवळपास थांबलं. २०२४ सालच्या एका अभ्यासाने दाखवलं की रशियाची केंद्रं वगळली तर आर्क्टिकचं चित्रच एकांगी होतं. तापमानाची साधी नोंद राजकारणापलीकडे ठेवण्याचा मार्ग देशांनी काढलाच पाहिजे.

भारत २०१३ पासून आर्क्टिक परिषदेचा निरीक्षक आहे. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र २००८ पासून आर्क्टिकमधल्या स्वालबार्डमध्ये ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र चालवतं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने आर्क्टिक धोरणही जाहीर केलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने स्वतःचं पृथ्वीप्रणाली प्रारूप तयार केलं आहे. म्हणजे माणसं, केंद्र आणि संगणक आपल्याकडे आहेत. पर्माफ्रॉस्टच्या कार्बनवर दीर्घकाळ चालणारं भारतीय काम उभं करणं शक्य आहे, आणि ते करायला हवं.

त्याहून तातडीचं काम हिमालयातलं. हिमालयाच्या गोठलेल्या उतारांत उत्तरेइतका कार्बन नाही. तिथला धोका दरडींचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवरात हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा, गोठलेला भाग कोसळला, सरोवर फुटलं, आणि तिस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. असे उतार कुठे कुठे आहेत, त्यांच्या आत तापमान किती आहे, हे मोजणारी बोअरहोलची जाळी हिमालयात अत्यंत विरळ आहे. धरणं आणि रस्ते मंजूर करण्याआधी ही मोजमापं बंधनकारक असायला हवीत.

निराश होण्यासारखं या विषयात पुष्कळ आहे, पण पुरावा निराशेची परवानगी देत नाही. एकाच दिवशी सगळं फुटेल असा बॉम्ब नाही. तेव्हा आता काहीच करून उपयोग नाही ही सबब चालणार नाही. सुरक्षित रेघही नाही. तेव्हा उद्या बघू हीसुद्धा चालणार नाही. देशांनी आपल्या कार्बनच्या हिशेबात पर्माफ्रॉस्टची वजाबाकी आजच धरावी, माणसाचा मिथेन या दशकातच खाली आणावा, वणव्यांवर आणि मोजमापांवर पैसा लावावा, आणि ज्यांची गावं खचताहेत त्यांना नव्या जागेसाठी वीस वर्षं दारोदार फिरायला लावू नये. यातलं एकही काम विज्ञानाच्या पुढच्या शोधासाठी थांबलेलं नाही. ते आपल्या निर्णयासाठी थांबलं आहे, आणि दर वर्षाच्या उशिरामागे वितळणारी जमीन पुढच्या पिढ्यांना परत गोठवता येणार नाही.